डोंगरातील इंजिन, मैदानातील जंक्शन : रेल्वे-छायाचित्रणाच्या नजरेची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील आगगाडीचे छायाचित्र म्हटले म्हणजे वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा दोनच दृश्ये उभी राहतात. नेरळहून माथेरानच्या दिशेने वळणे घेत चढणारी लहानगी गाडी हे एक, आणि बोरघाटातील बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडणारे इंजिन हे दुसरे. दिनदर्शिका, पर्यटन-पुस्तिका, वृत्तपत्रांच्या पुरवण्या यांनी हीच दृश्ये पुनःपुन्हा छापली. भारतीय टपाल खात्याने १९९३ मध्ये डोंगरी रेल्वेच्या इंजिनांवर चार तिकिटे काढली, तेव्हाही दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–सिमला यांच्या पंक्तीला नेरळ–माथेरानचे इंजिन बसले. मैदानातील जंक्शनच्या वाट्याला असा मान सहसा येत नाही.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांतून या चित्रांकडे पाहिले की त्यांतील विसंगती विशेष जाणवते. शिरूरमध्ये रूळ नाहीत. घोडनदीच्या काठी वसलेले हे गाव पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) रस्त्यावर आहे. येथील माणसाला आगगाडी गाठावयाची तर पुणे, अहिल्यानगर किंवा दौंड यांपैकी एका स्थानकावर जावे लागते. दौंडची गोष्ट उलट आहे. तेथे रेल्वे आधी आणि आजचे शहर मागाहून, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. शिरूरच्या लेखी आगगाडी म्हणजे दूरची सोय. दौंडच्या लेखी ती पगार, पाळी आणि पेन्शन. दोन्ही ठिकाणच्या भिंतींवर मात्र छायाचित्र टांगलेले असते ते डोंगरातल्या गाडीचे. जुन्या इंजिनांच्या छायाचित्रणाला डोंगर एवढा प्रिय का झाला आणि या आवडीपायी रेल्वेतील कोणती गोष्ट चौकटीबाहेर राहिली, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ओल्या काचेवरचा बोरघाट

मुंबईत आगगाडी आणि कॅमेरा जवळजवळ एकाच वेळी स्थिरावले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे गाडी धावली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्यामुळे १८५६ मध्ये बोरघाटाचे काम सुरू झाले तेव्हा त्याची छायाचित्रे घेता येण्याजोगी सामग्री शहरात होती. घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावला आणि कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने पुढे चालविले. या बांधकामाची जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांतील महत्त्वाचा संग्रह तिच्याच नावाने ओळखला जातो. डोंगरी रेल्वेचे भारतातील आरंभीचे छायाचित्रण एका कंत्राटदार स्त्रीच्या नावाशी निगडित असावे, ही बाब आपल्याकडील छायाचित्रणाच्या इतिहासात जेवढी ठळक व्हावयास हवी तेवढी झालेली नाही.

या कालखंडातील चित्रांचे वाचन करताना तंत्राची मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रव्याचा लेप देऊन ती ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यावे लागे आणि तशीच ओली असताना ती धुवावी लागे. म्हणजे अंधारा तंबू, काचा आणि रसायने हे सारे घाटात चढवावे लागे. प्रकाशनाचा काळ सेकंदांत मोजला जाई. चालती गाडी या काचेवर उमटणे शक्यच नव्हते. उमटले ते कापलेले कातळ, अर्धवट उभ्या कमानी, बोगद्यांची तोंडे आणि स्तब्ध उभी राहिलेली थोडी माणसे. इतिहासकार इयान कर यांच्या अभ्यासानुसार १८६१ च्या आरंभी या घाटात एकाच वेळी बेचाळीस हजारांहून अधिक मजूर कामावर होते. सुमारे २५ किलोमीटरचा घाट, ३७ फुटांस एक फूट असा कमाल चढ आणि पंचवीस बोगदे हे त्यांच्या श्रमाचे फलित. काचेवर मात्र त्यांपैकी मोजकेच दिसतात, कारण काम करणारा माणूस हलतो आणि जो हलला तो धूसर झाला. जे दिसतात तेही बहुधा कमानीची उंची कळावी म्हणून उभे केल्यासारखे, मोजपट्टीच्या जागी.

यात छायाचित्रकाराला दोष देण्याचे कारण नाही. परंतु तंत्राच्या अडचणीतून जन्मलेली एक सवय पुढे तंत्र सुधारल्यावरही टिकून राहिली, हे नोंदविणे आवश्यक आहे. रचना भव्य आणि माणूस प्रमाणापुरता, ही ती सवय. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाट खुला झाला. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मराठी गद्य त्या वेळी या नव्या वाहनाकडे कुतूहलाने पाहत होते, त्यावर बसणाऱ्या लोकांसह पाहत होते. छायाचित्राने मात्र सुरुवातीपासूनच आगगाडीला निसर्गदृश्याच्या अंगाने पाहिले.

डोंगरच का?

या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘डोंगर सुंदर असतो म्हणून’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. जुन्या वाफेच्या इंजिनाचे चित्र घेणाऱ्यास डोंगर जे देतो त्यात सौंदर्यापेक्षा सोयीचा भाग अधिक आहे. चढावर गाडीचा वेग कमी होतो, त्यामुळे ती स्पष्ट टिपता येते. रस्त्याने गेलेला छायाचित्रकार तीच गाडी पुढच्या वळणावर पुन्हा गाठू शकतो. नेरळ–माथेरान मार्गावर रस्ता आणि रूळ एकमेकांना भेटत-सोडत जातात, म्हणून एकाच फेरीची अनेक चित्रे मिळतात. वळणामुळे इंजिनासह संपूर्ण गाडी एका चौकटीत मावते; मैदानातील सरळ मार्गावर इंजिनामागचे डबे एका रेषेत दडून जातात. चढावर इंजिनाला जोर लावावा लागतो आणि धुराड्यातून वाफेचा जाड लोट उसळतो. थंडीच्या सकाळी हा लोट पांढराशुभ्र दिसतो आणि बराच वेळ हवेत राहतो. सूर्य पाठीशी, इंजिन तिरपे समोर, लोट मागे झुकलेला, दरी एका बाजूस : या प्रकारच्या रचनेचा साचा जगभर एवढा रूढ झाला की दार्जिलिंगचे चित्र कोणते आणि वेल्सचे कोणते हे कधी कधी झाडांवरूनच ओळखावे लागते.

माथेरानच्या बाबतीत या साच्यात आणखी एक मौज आहे. सह्याद्री खऱ्या अर्थाने हिरवा असतो तो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही वाहतूक बंद ठेवली जाते. त्यामुळे हिरव्यागार डोंगरातून जाणाऱ्या माथेरानच्या गाडीचे जे रूप लोकांच्या मनात घर करून आहे, ते प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या थोड्या दिवसांचे आहे. उरलेल्या हंगामात ही गाडी पिवळ्या गवतातून आणि तांबड्या धुळीतून जाते. धुळीतली चित्रेही निघतात, परंतु छापली जातात ती हिरवी.

या आवडीमागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कॅमेरा कोणाच्या हाती होता हे. ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरील नियमित वाफेची वाहतूक ऑगस्ट १९६८ मध्ये संपली. त्यानंतर तेथील हौशी छायाचित्रकार भारताकडे वळले, कारण येथे चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७२ पर्यंत वाफेची इंजिने बाहेर पडत होती आणि ब्रॉडगेजवर ती १९९५ पर्यंत धावत राहिली. कॉलिन गॅरट यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी जगातील अखेरची वाफेची इंजिने टिपण्याचे कार्य आयुष्यभर केले, त्यात भारताचा वाटा मोठा आहे. रेल्वेच्या हद्दीत छायाचित्रणास परवानगी लागत असे. ती मिळविण्याची चिकाटी, पत्रव्यवहार आणि महागडी फिल्म हे सारे त्यांच्यापाशी होते; शेडमधील फायरमनपाशी यांतील काहीच नव्हते. या मंडळींचे ऋण नाकारता येणार नाही. इंजिनाचा क्रमांक, बांधणीचे वर्ष, कारखाना, ठिकाण व तारीख यांची काटेकोर नोंद त्यांनी ठेवली नसती तर आज अभ्यासकाच्या हाती फारच थोडे उरले असते. तथापि त्या नोंदींत इंजिनाचा क्रमांक असतो आणि चालकाचे नाव बहुधा नसते, हेही तितकेच खरे.

काळ्या धुराचे सौंदर्यशास्त्र

या छायाचित्रणाची कसोटी पाहावयाची तर धुराकडे पाहावे. लोकप्रिय चित्रांत इंजिनाच्या माथ्यावर दाट काळा धूर असतो. तो इंजिनाच्या ताकदीची खूण म्हणून वाचला जातो. वस्तुतः दाट काळा धूर म्हणजे अपुरे ज्वलन. कोळसा एकदम फार टाकला, हवा कमी पडली, की न जळालेला कार्बन धुराड्यातून बाहेर जातो. म्हणजे जी उष्णता पाण्याची वाफ करावयाची ती आकाशात वाया जाते. कुशल फायरमन थोडा थोडा कोळसा, आगीच्या जागा पाहून, पातळ थरात टाकतो; त्याच्या इंजिनाचा धूर फिका राहतो. शेडमध्ये काळ्या धुराबद्दल बोलणी खावी लागत.

आता परिस्थिती अशी की छायाचित्रकारांसाठी भाड्याने सोडलेल्या खास गाड्यांत काळा धूर मागून घेतला जातो. गाडी थांबते, छायाचित्रकार उतरून कडेला उभे राहतात, गाडी मागे जाते आणि धूर ओकत पुन्हा पुढे येते. ही पद्धत इंग्लंड-जर्मनीपासून दार्जिलिंगपर्यंत सर्वत्र परिचित आहे. फायरमनला जे टाळावयास शिकविले, तेच त्याला चित्रासाठी मुद्दाम करावयास सांगितले जाते. एखाद्या सुताराने रंधा वाकडा मारावा म्हणजे भुसा छान उडेल, असे म्हणण्यासारखेच हे आहे. चित्र पाहणाऱ्यास यातील काहीच कळत नाही. त्याला जे सामर्थ्य वाटते ते जाणकाराच्या लेखी निष्काळजीपणा असते. चित्र तंत्रदृष्ट्या कितीही निर्दोष असो, त्याने आपल्या विषयाच्या कौशल्याचा नेमका विपर्यास केलेला असतो. केवळ रम्यतेचा आक्षेप घेणाऱ्या समीक्षेपेक्षा हा आक्षेप अधिक गंभीर मानावयास हवा.

माथेरानच्या इंजिनातही असाच एक न दिसणारा भाग आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेला हा दोन फुटी मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. त्यासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन उंड कोपेल या कारखान्याने सहा चाकांची चार इंजिने पुरविली. ७३८ ते ७४१ हे त्यांचे क्रमांक. वीस फुटांस एक फूट असा चढ आणि अतिशय तीव्र वळणे यांवर ती चालू शकली याचे श्रेय क्लीन-लिंडनर नावाच्या योजनेस आहे. हीत शेवटच्या चाकांचा आस पोकळ असतो, त्याच्या आत दुसरा आस फिरतो, आणि त्यामुळे चाकांची जोडी वळणाच्या रोखाने किंचित सरकू शकते. इंजिनाची सारी अक्कल या पोकळ आसात साठविलेली आहे आणि कोणत्याही छायाचित्रात ती दिसत नाही. दिसते ते धुराडे, पितळी घुमट आणि बाहेरचे दांडे. कॅमेऱ्याला पोकळ आस दाखविता येत नाही हे उघड आहे. परंतु इंजिन वळताना चाके कशी तिरपी होतात, हे रुळाच्या पातळीवर बसून दाखविता आले असते. लोकप्रिय चित्र मात्र दरीच्या कडेनेच घेतले जाते.

माणसांचे काय? दार्जिलिंगच्या बी-वर्गीय इंजिनाच्या चित्रांत ती टाळताच येत नाहीत, कारण चढावर चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू टाकणारी माणसे इंजिनाच्या पुढच्या अंगालाच बसलेली असतात. त्या रेल्वेची चित्रे तुलनेने अधिक सजीव वाटतात याचे श्रेय छायाचित्रकारांच्या दृष्टीपेक्षा या वाळूवाल्यांना अधिक द्यावे लागेल. माथेरानच्या डब्यांवरील ब्रेक हाताळणारे कर्मचारी मात्र चित्रांत ओझरतेच येतात. उतारावर तर गाडीचा भरवसा इंजिनाहून या हातांवर अधिक. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग उद्ध्वस्त झाला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्याने वाहतूक थांबविण्यात आली. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाताहत केली आणि संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्येच खुला झाला. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांतून अधांतरी लोंबकळणाऱ्या रुळांची चित्रे छापून आली, आणि नंतर गाडीला दाखविलेल्या हिरव्या झेंड्याची. या दोन चित्रांच्या मधल्या काळात भराव घालणारे, दरडी काढणारे, रूळ बसविणारे हात कोणत्या चौकटीत आहेत?

रोआनोक आणि दौंड

जुन्या इंजिनांचे छायाचित्रण अपरिहार्यपणे स्वप्नरंजन असते असे नाही. अमेरिकन छायाचित्रकार ओ. विन्स्टन लिंक याचे उदाहरण येथे महत्त्वाचे ठरते. नॉरफोक अँड वेस्टर्न ही व्हर्जिनियाच्या डोंगराळ प्रदेशातून जाणारी रेल्वे. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या अमेरिकन रेल्वेंपैकी ती अखेरची. १९५५ पासून १९६० मध्ये तेथील वाफ संपेपर्यंत लिंक याने तिची छायाचित्रे घेतली, त्यांतील गाजलेली बहुतेक रात्रीची. अंधारात अनेक फ्लॅशबल्ब एकाच क्षणी पेटवून तो इंजिनाबरोबरच घरे, अंगणे, दुकाने, पोहणारी मुले उजळून काढी. १९५६ मधील त्याच्या सर्वाधिक प्रसिद्ध चित्रात मोटारीत बसून चित्रपट पाहणारे प्रेक्षक आहेत, पडद्यावर विमान आहे आणि मागून मालगाडी चालली आहे. हे चित्र मांडणी करून घेतलेले आहे. पडद्यावरील विमान तर वेगळ्या निगेटिव्हवरून छापलेले आहे. तेव्हा ते ‘जसे घडले तसे’ नाही. तरीही ते खोटे वाटत नाही, कारण आगगाडी तेथे शेजाऱ्यासारखी येते. लोकांचे तिच्याकडे लक्षही नाही. रेल्वेलगत राहणाऱ्या कोणासही हे पटेल.

लिंकच्या चित्रांचे संग्रहालय २००४ मध्ये उघडले ते एखाद्या निसर्गरम्य घाटात नव्हे. ते रोआनोक या गावच्या जुन्या स्थानकात आहे. रोआनोक म्हणजे त्या रेल्वेचे कारखान्याचे, शेडचे गाव. तिची इंजिने तेथेच बांधली जात. डोंगरातल्या इंजिनाची स्मृती जंक्शनच्या गावाने सांभाळावी, ही गोष्ट दौंडकडे पाहताना आठवल्यावाचून राहत नाही.

पुण्यापर्यंत आलेला लोहमार्ग पुढे नेण्यात येऊन १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. त्या वाटेवर दौंड. १८७८ मध्ये भीमा ओलांडून मनमाडकडे जाणारा मार्ग सुरू झाला आणि दौंडचे जंक्शन झाले. १९१४ मध्ये त्याला बारामतीकडे जाणारा अडीच फुटी मार्ग येऊन मिळाला, जो पुढे ब्रॉडगेज झाला. दोन मापांचे रूळ, चार दिशा, आणि पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे तोंड फिरविण्याचा सोपस्कार, एवढे सारे एका ठिकाणी. इंजिन एका टोकाचे सोडावयाचे, दुसऱ्या टोकास जोडावयाचे, गार्डाने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावयाचे. या खटाटोपात जाणारा वेळ प्रवाशांनी चहा पिऊन आणि कुरकुर करून काढला आहे.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. बोरघाटात खंडाळ्याजवळ १८६३ पासून नेमकी हीच क्रिया होत असे. चढ विभागण्यासाठी गाडी एका टोकाशी जाऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूस लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढे. १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाल्यावर ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद पडले. त्याची छायाचित्रे मात्र अजून हौसेने पाहिली जातात. कडा, दरी आणि काठावर उभी असलेली गाडी यांमुळे ते अभियांत्रिकीचे आश्चर्य गणले जाते. दौंडला तीच क्रिया त्याहून कितीतरी अधिक काळ, दिवसातून अनेकदा झाली आणि ती केवळ खोळंबा गणली गेली. क्रिया एक, पार्श्वभूमी निराळी. एकीचे चित्र झाले, दुसरीची तक्रार झाली. डोंगर वजा केला असता रेल्वेच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी आपल्या छायाचित्रणाने कमावलेलीच नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण. आता काही गाड्या दौंड कॉर्ड लाइनवरून स्थानकात न शिरताच वळतात. सोय झाली हे निर्विवाद. परंतु शंटिंगची ती सारी कवायत, दिव्यांचे इशारे, डब्यांमध्ये शिरून जोडणी करणारा माणूस, हे सारे पुरेसे टिपले जाण्याआधीच विरळ होत आहे.

दौंडचा परिसर छायाचित्रास अनुकूल नाही असे कोणी म्हणेल. सपाट काळी जमीन, उसाची शेते, डोक्यावर ऊन, रूळ सरळ. हे मान्य करूनही असे विचारता येईल की सपाट प्रदेशाची चित्रे घेण्याची रीत आपण शोधली आहे काय? भीमेच्या पुलावरील गाडी पावसाळ्यात पाण्यात प्रतिबिंबित होते आणि उन्हाळ्यात वाळूवर सावली टाकते. रात्रीचे जंक्शन तर लिंकच्या पद्धतीला आव्हान देणारे. येथे उणीव विषयाची नाही.

चित्रासारखे इंजिन

अलीकडच्या काळात या प्रश्नाला एक नवे वळण मिळाले आहे. माथेरानच्या मार्गावर डिझेल इंजिने १९५० च्या दशकात आली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस वाफेची नियमित वाहतूक संपली. नव्या शतकाच्या आरंभी दार्जिलिंगचे एक बी-वर्गीय इंजिन नेरळला आणण्यात आले. ते ‘जुने’ होते, ‘डोंगरी’ होते, परंतु या डोंगराचे नव्हते. त्याही पुढची पायरी म्हणजे डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे सोंग देणे. माथेरानच्या गाडीस असे इंजिन मिळाले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातेत एकतानगरला जाणाऱ्या गाडीस विजेचे इंजिन असेच जुन्या थाटात सजवून जोडण्यात आले. धुराडे आहे, आग नाही. दांडे आहेत, वाफ नाही.

यास फसवणूक म्हणणे अतिरेकाचे होईल. मुलांना त्यात आनंद होतो, प्रवासी वाढतात, मार्ग चालू राहतो. आणि माथेरानसारखा तोट्यातला मार्ग चालू राहणे ही साधी गोष्ट नव्हे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने ही घटना बोलकी आहे. पूर्वी इंजिन असे आणि त्याचे छायाचित्र निघे. आता छायाचित्र आधी आहे आणि त्याबरहुकूम इंजिन घडविले जाते. दीडशे वर्षे ज्या चौकटीने फायरमनला कडेला ठेवले, त्या चौकटीतून त्याला आता पूर्णच वजा करता आले, आणि चित्रात काही कमी पडल्यासारखे कोणासही वाटले नाही.

वारशाची निवडही चित्रांवरूनच होते हे विसरून चालणार नाही. युनेस्कोच्या यादीत दार्जिलिंग १९९९ मध्ये, निलगिरी २००५ मध्ये, कालका–सिमला २००८ मध्ये गेली. माथेरान संभाव्य यादीत आहे. या मार्गांची योग्यता वादातीत आहे. पण बार्शी लाइटसारखी, एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने आखलेली आणि जगभर अभ्यासली गेलेली मैदानी अरुंद रेल्वे ब्रॉडगेजखाली गेली, बारामतीचा अडीच फुटी मार्गही गेला, तेव्हा हळहळ व्यक्त करण्यासाठी लोकांच्या मनात त्यांचे चित्रच नव्हते. ब्रॉडगेज व्हावयास नको होते असे नव्हे. शेतमालाला आणि प्रवाशाला ते हवेच होते. परंतु एखादे इंजिन, एखादी पाण्याची टाकी, एखादी सिग्नल केबिन राखून ठेवावी असे सुचण्यासाठी तरी आधी ती कोणीतरी पाहिलेली असावी लागते.

तरीसुद्धा दौंडसारख्या गावात रेल्वेची छायाचित्रे नाहीत असे समजणे चूक ठरेल. ती आहेत, फक्त समीक्षेने त्यांना छायाचित्रण म्हणून गणलेले नाही. खंडेनवमीला शेडमधील हत्यारांची पूजा होते, इंजिनाला झेंडूच्या माळा आणि आंब्याची पाने बांधली जातात आणि सारे कर्मचारी पुढ्यात उभे राहून छायाचित्र काढून घेतात. चालक निवृत्त होतो त्या दिवशी अखेरची गाडी आणल्यावर त्याला हार घालतात, शेजारी पत्नी आणि मुले असतात, मागे इंजिन. स्टुडिओतून बोलावलेल्या छायाचित्रकाराने घेतलेल्या या चित्रांत रचनेचे सारे नियम मोडलेले असतात. इंजिन अर्धेच आलेले असते, धुराडे वरून कापले गेलेले असते, ऊन समोरून आल्याने निम्म्या लोकांचे डोळे मिटलेले असतात. इंजिनाचा क्रमांक कधी दिसतो, कधी कोणाच्या खांद्याआड जातो. पण ओळीत उभ्या माणसांची नावे, हुद्दे आणि तारीख बहुधा पाठीमागे शाईने लिहिलेली असतात. माथेरानच्या सर्वांगसुंदर चित्रांपाशी जे नाही, ते या चित्रांपाशी आहे. ती रेल्वे वसाहतीतील आणि आता गावभर विखुरलेल्या घरांतील कपाटांत आहेत, बरीचशी पिवळी पडलेली, काही ओल लागून एकमेकांस चिकटलेली.